बुद्धिबळातलं रॅपिड (वेगवान डावांचं) रेटिंग अडकलंय: सतत मारामारी करून (सोंगटीला सोंगटी देऊन) डाव सोपा करायची पद्धत सोडावी का?

ऐरोलीकर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथलं नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय.

लहानपणी आत्याने बुद्धिबळ शिकवलं. खाडिलकर भगिनींची नावं पेपरात यायची, १९८१ मध्ये रोहिणी खाडिलकर आशियाई विजेत्या झाल्या, त्या काळात आत्या कॉलेजात होती आणि तिने स्वतःचा पट विकत घेतला होता. तोच पट पुढे माझ्याकडे आला. दहावीनंतर खेळ सुटला तो सुटलाच. २०२० मध्ये घरात अडकून पडलो तेव्हा लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटवर खातं उघडलं आणि तेव्हापासून रोज काही ना काही चालू आहे. तुर्भ्याला नोकरी, हिशेबाचं काम. सकाळी ट्रान्स-हार्बरमध्ये बसायला मिळालं तर कोडी सोडवते, डाव मात्र रात्री जेवणं आटोपल्यावरच खेळते.

सुरुवातीला १५०० रेटिंग मिळतं, त्यावरून मी सरळ १२०० च्या घरात गेले. तिथून हळूहळू वर आले. आता १६५० च्या आसपास बरेच महिने तिथल्या तिथे आहे. चार डाव जिंकले की पुढच्या चारांत ते परत जातात.

माझी खेळायची पद्धत सांगते, कारण प्रश्न तिच्याबद्दलच आहे. सुरुवात ठरलेली: पांढऱ्याने क्वीन्स गॅम्बिट, काळ्याने ई४ ला कारो-कान आणि डी४ ला स्लाव्ह (ई४, डी४ ही पटावरच्या घरांची नावं). संधी मिळाली की वजिराला वजीर देते. घोड्याला घोडा, उंटाला उंट. पटावर गर्दी कमी झाली की मला दिसायला लागतं. हत्ती आणि प्यादी उरली की समोरचा कंटाळून चुका करतो आणि मी जिंकते. मला ते डाव मनापासून आवडतात. प्यादं एकेक घर पुढे सरकवत न्यायचं, राजा मध्यभागी आणायचा, यात मला जो आनंद मिळतो तो मात करायच्या हल्ल्यात मिळत नाही.

पण ऑफिसमधला एक सहकारी, जो माझ्याहून बराच वरच्या रेटिंगचा आहे, तो म्हणतो की ही पद्धत इथपर्यंतच आणते. पुढे जायचं तर गॅम्बिट (सुरुवातीलाच प्यादं देऊन हल्ला) खेळ, हल्ला शिक, वजीर पटावर ठेव. लिचेसच्या इनसाइट्समध्ये, म्हणजे आपल्या डावांच्या आकडेवारीत, जाऊन पाहिलं तर वजीर लवकर गेलेल्या डावांत माझे निकाल चांगले आहेत आणि वजीर शेवटपर्यंत राहिलेल्या डावांत वाईट.

मग करावं काय? जे जमतं तेच घट्ट करावं, की पद्धतच बदलावी? इथे खेळणारे बरेच आहेत हे माहीत आहे. सविस्तर लिहिलंत तर फार बरं होईल.

तलावपाळी

धागा आवडला. दोन प्रश्न. रॅपिड म्हणजे नक्की किती मिनिटांचं? आणि हरता ते पटावर हरता की घड्याळावर?

आणखी एक, बाकीच्यांसाठी: लिचेसचे १६५० आणि चेस डॉट कॉमचे १६५० सारखे नाहीत. दोन्हीकडचे खेळाडू वेगळे, सुरुवातीचा आकडा वेगळा. या टप्प्यावर लिचेसचा आकडा साधारणपणे मोठा दिसतो. त्यामुळे सहकारी कुठल्या साइटवरचं रेटिंग सांगतोय तेही बघा.

ऐरोलीकर

दहा मिनिटांचे, चालीमागे वाढीव सेकंद नाहीत. आणि हो, बरेच डाव घड्याळावर जातात. एक प्यादं जास्त, हत्तीचा शेवट (हत्ती आणि प्यादी उरलेला डावाचा अखेरचा टप्पा), आणि माझ्याकडे वीस सेकंद, असं वारंवार होतं. सहकारीही लिचेसवरच आहे.

शहकाटशह

तुमचा सहकारी बरोबर सांगतोय असं माझं स्पष्ट मत आहे.

वजीर पटावर असताना हरता, याचा अर्थ त्या प्रकारच्या डावांची सवयच नाही. आणि सवय नाही कारण तुम्ही तिथे थांबतच नाही. जे आकडे तुम्ही तुमच्या बाजूने वाचताय ते मी उलटे वाचतो. कमकुवत बाजू दाखवणारा इतका स्वच्छ पुरावा सहसा कुणाला मिळत नाही.

मी स्वतः १७०० ला अडकलो होतो. व्हिएन्ना गॅम्बिट घेतला: ई४ ई५, घोडा सी३, समोरून घोडा एफ६, आणि मग एफ४. समोरच्याने प्यादं खाल्लं की ई५ आणि त्याचा घोडा बहुतेक वेळा परत घरी जातो. बरोबर उत्तर डी५ आहे, पण ते माहीत असलेले या पातळीवर कमी भेटतात. मुद्दा सोप्या विजयांचा नाही. अशा डावांत प्रत्येक चालीला शह, मार, धमकी हे तिन्ही बघावंच लागतं, नाहीतर आपणच मरतो. सहा महिन्यांत माझी नजर बदलली. आता मी क्वीन्स गॅम्बिट खेळलो तरी ती नजर बरोबर असते.

आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखचे डाव बघा. जुलै २०२५ मध्ये बातुमीला महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. हल्ला दिसला की मागे हटत नाही. ते धाडस लहानपणापासून अंगी बाणवलेलं आहे. आपण मोठेपणी खेळायला लागलो म्हणून ते शिकूच नये असं थोडंच आहे?

घोडबंदर

शहकाटशह, तुमचं पटतं, पण आधी घड्याळाचं बघा ना!

ताईंची पद्धत ही लांब डावांची आहे. चाळीस-पन्नास चाली जाणार, शेवटी बारीक काम. आणि त्या खेळतायत दहा मिनिटं, वाढीव शून्य. म्हणजे जिथे त्यांचा हात बसलाय नेमकं तिथे पोचेपर्यंत वेळ संपलेला. व्हिएन्नावाल्याला दहा मिनिटं पुरतात, त्याचा निकाल पंचविसाव्या चालीपर्यंत लागतो. १५+१० (पंधरा मिनिटं, वर चालीमागे दहा सेकंद) खेळून बघा. प्रत्येक चालीला दहा सेकंद मिळत राहिले की हत्तीचा शेवट हातघाईवर येत नाही. रेटिंग तेच असलं तरी आपण कुठे उभे आहोत ते खरं कळेल.

गाडीत डाव खेळत नाही हे उत्तम. मी माजिवड्याच्या सिग्नलला रिक्षात बसून ब्लिट्झ (अगदी झटपट डाव) खेळणारे बघतो, नेटवर्क गेलं की डाव गेला.

जुना पट

मी नौपाड्यात राहतो, वय झालंय, ऐंशीच्या दशकापासून पटावर खेळतोय. प्रवीण ठिपसे मुंबईचे, १९९७ मध्ये भारताचे तिसरे ग्रँडमास्टर झाले, तेव्हा आमच्या गटात जो आनंद झाला होता तो अजून आठवतो. ऑनलाइन खेळ मी नातवामुळे शिकलो. सविस्तर लिहितो, कारण प्रश्न महत्त्वाचा आहे आणि वर दोघांनीही त्याच्या गाभ्याला हात घातलेला नाही.

मारामारी करणं ही पद्धत वाईट नाही. जुना जगज्जेता कापाब्लांका, त्याने तसंच खेळून जग जिंकलं. १९१६ ते १९२४ या काळात तो एकही स्पर्धात्मक डाव हरला नाही. पण तो सोंगट्या संपवत नव्हता, निवडत होता. कुठली सोंगटी जाते यापेक्षा पटावर कुठल्या उरतात याकडे त्याचं लक्ष असे. तुम्ही लिहिलंय, ‘संधी मिळाली की वजिराला वजीर देते.’ या वाक्यात निवड कुठे आहे?

एक उदाहरण देतो. कृपया खरा पट घ्या आणि मांडा.

पहिला पट: पांढरा राजा ई४, पांढरं प्यादं ई३, पांढरा हत्ती डी१. काळा राजा ई७, काळा हत्ती डी७. चाल पांढऱ्याची. हत्तीने हत्ती मारा, शह बसतो, काळा राजा मारून डी७ ला येतो. आता पांढरा राजा ई५ ला न्या. काळा ई७ ला समोर आला की प्यादं ई३ वरून ई४. झालं. काळ्याला बाजूला व्हावंच लागतं आणि पांढरा राजा आत घुसतो. डाव जिंकला.

दुसरा पट: सगळं तेच, फक्त पांढऱ्या राजाची आणि प्याद्याची अदलाबदल करा. प्यादं ई४ वर, राजा त्याच्या मागे ई३ वर. आता तीच मारामारी करा. हत्ती गेले, काळा राजा डी७ वर, चाल पांढऱ्याची. पांढरा राजा डी४ ला आला की काळा डी६. पांढरा एफ४ ला गेला की काळा ई६. कितीही झगडा, काळा राजा प्याद्याच्या वाटेतून हटत नाही आणि डाव बरोबरीत.

सोंगट्या तेवढ्याच, मारामारी तीच. एका पटावर पूर्ण गुण, दुसऱ्यावर अर्धा. नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: कडेचं प्यादं सोडून इतर कुठलंही प्यादं दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या रांगेत असेल, तर त्याच्या दोन रांगा पुढची तीन घरं मोक्याची. राजा त्यांपैकी एकावर सुरक्षित पोचला की जिंकलं, चाल कुणाचीही असो. ई३ च्या प्याद्यासाठी डी५, ई५, एफ५. ई४ साठी डी६, ई६, एफ६. पहिल्या पटात राजा एका चालीत तिथे पोचतो, दुसऱ्यात पोचू शकत नाही. म्हणून दुसऱ्या पटात हत्ती ठेवा, राजा प्याद्याच्या पुढे काढायची खटपट करा, मारामारीचा विचार नंतर.

आणि हे फक्त तुमच्या-माझ्या पातळीचं आहे असं समजू नका. १२ डिसेंबर २०२४, सिंगापूर, जगज्जेतेपदाचा चौदावा आणि शेवटचा डाव. गुकेशकडे एक प्यादं जास्त, पण हत्ती आणि उंट पटावर असेपर्यंत डाव बरोबरीकडे चाललेला. डिंग लिरेनने पंचावन्नाव्या चालीला हत्ती एफ२ वर आणला. गुकेशने हत्तीला हत्ती दिला आणि लगेच उंट डी५ ला लावला. डिंगचा उंट कोपऱ्यात ए८ ला, त्या तिरप्या रेघेवरून सुटका नाही. उंटही गेले आणि राहिला तो राजा-प्याद्यांचा जिंकलेला शेवट. जगज्जेता ठरला तो दोन एक्स्चेंजवर. तेव्हा मारामारी म्हणजे कंटाळवाणा खेळ, असं कुणी म्हटलं तर मला ते मान्य नाही.

आता एक विनंती. तुमचे दोन-तीन हरलेले डाव सांगा, ज्यात वजीर लवकर गेले तरी हरलात. रोग तिथे सापडेल.

नेरुळची

काकांचा प्रतिसाद जपून ठेवला. माझी मुलगी क्लासला जाते, तिला हे दोन पट आज संध्याकाळीच मांडून दाखवले. दुसऱ्या पटावर तिने पहिल्या झटक्यात हत्ती मारला. मग तिलाच काळा राजा खेळायला दिला, तेव्हा तिला बरोबरी कशी होते ते समजलं.

एक वेगळा मुद्दा मांडते. हल्ली डाव संपला की अ‍ॅप अ‍ॅक्युरसीचा (अचूकतेचा) आकडा दाखवतं. सोंगट्या पटापट गेल्या की हा आकडा छान येतो, कारण चुकायला फारसं काही उरतच नाही. मारलं की परत मारायचं, ती चाल इंजिनलाही (डाव तपासणाऱ्या संगणकालाही) पसंत असते. मुलीच्या बाबतीत हेच झालं. ९० च्या वर टक्के बघून आम्ही खूश, आणि सरांनी डाव बघून सांगितलं की दहाव्या चालीनंतर तिने एकही निर्णय घेतलेला नाही. ऐरोलीकर, तुम्ही त्या आकड्यावर जात असाल तर तो बाजूला ठेवा.

ऐरोलीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, पट मांडले. आत्याच्या पटावरच मांडले. ई३ वरून ई४ ही एक चाल राखून ठेवल्याने सगळा फरक पडतो हे इतक्या वर्षांत कधी लक्षात आलं नव्हतं.

हरलेले दोन डाव सांगते, दोन्हींत मी काळी.

पहिला कारो-कानचा एक प्रकार, अ‍ॅडव्हान्स. ई४ सी६, डी४ डी५, ई५, मग माझा उंट एफ५. त्याने उंट डी३ ला आणला, मी लगेच मारला. पुढे वजीर गेले, पण माझ्या घोड्यांना जागाच राहिली नाही आणि त्याने राजाच्या बाजूची प्यादी पुढे ढकलून मला चेपलं.

दुसरा कारो-कानचाच पॅनोव्ह प्रकार. ई४ सी६, डी४ डी५, मारामारी, मग त्याने सी४. पुढे त्याचं डी४ चं प्यादं एकटं पडलं. माझा घोडा डी५ वर आला. त्याचा घोडा सी३ वर होता, मी घोड्याला घोडा दिला, त्याने बी प्याद्याने परत मारलं. वजीरही गेले. नंतर त्याची मधली प्यादी सुटली आणि मी हरले.

जुना पट

आता बोलता येईल.

पहिल्या डावातली उंटाची मारामारी अगदी योग्य. पांढऱ्याची प्यादी डी४ आणि ई५ वर, काळ्या घरांवर. त्यामुळे पांढऱ्या घरांतला त्याचा डी३ चा उंटच चांगला, तो गेला तर तुमचंच भलं. कारो-कान खेळायचं मोठं कारणच हे की हा उंट ई६ करायच्या आधी बाहेर येतो. फ्रेंच बचावात तो आत कोंडून बसतो. तेव्हा तिथे हात बरोबर चालला. अडचण नंतरची: सी५ कधी केलं? त्याच्या डी४ वर घाव घातल्याशिवाय जागा मिळत नाही. नुसत्या सोंगट्या कमी करून ती आपोआप मिळत नाही.

दुसरा डाव मात्र खरा धडा आहे. समोरच्याचं डी४ चं प्यादं एकटं. त्याला शेजारचं प्यादं नाही, म्हणून त्याचा राखणदार सोंगटीच असणार. अशा वेळी काळ्याने सोंगट्या कमी कराव्यात हे पुस्तकी ज्ञान खरं आहे, तुम्ही तेच केलंत. पण डी५ वरचा घोडा ही तुमची सगळ्यात मोलाची सोंगटी होती. प्यादं तिथेच अडकवून ठेवणारा चौकीदारच तो. तुम्ही सी३ वर मारलंत आणि त्याचं बी प्यादं सी३ ला आलं. आता डी४ ला शेजारून आधार मिळाला. एकटं होतं ते दुकटं झालं, आणि डी५ चं घर मोकळं. दुसरे घोडे, उंट द्या की, हा नको. त्याला मारायचं असेल तर त्याला येऊन मारू दे. तुमच्या ई६ च्या प्याद्याने परत मारा, तरी चालेल.

मारण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: हे झाल्यावर कोणाची उरलेली सोंगटी चांगली? उत्तर आलं नाही तर मारू नका, ताण तसाच राहू द्या. समोरच्यालाही तो सोसावा लागतो.

शहकाटशह

काका, डी५ च्या घोड्याचं विश्लेषण जबरदस्त. असं मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

पण माझा मुद्दा मी सोडत नाही. ताण तसाच राहू द्या म्हणता, तर तो ताण सोसायला डावपेच दिसावे लागतात. फोर्क (एकाच वेळी दोघांवर हल्ला), पिन (मागच्या सोंगटीमुळे जखडलेली सोंगटी), मागून उघडणारा शह. ते दिसत नाहीत म्हणूनच माणूस घाईने मारून मोकळा होतो. ऐरोलीकर, मी तुमचे काही डाव लिचेसवर बघितले (तुम्ही मला खात्याचं नाव कळवलं होतं म्हणून). तुम्ही वजीर देता ते बऱ्याचदा समोरून काहीतरी धमकी आल्यावर लगेच पुढच्या चालीला. म्हणजे पसंतीपेक्षा भीतीपोटी. राग मानू नका.

ऐरोलीकर

राग कसला. हे वाचून मी परत डाव चाळले आणि तुमचं म्हणणं खरं आहे. ही गोष्ट आकड्यांत दिसत नाही, चालीमागे चाल बघितली तरच दिसते. फार उपयोगाचं बोललात.

जुना पट

शहकाटशह, हे मान्य. डावपेचांची कोडी रोज करावीत, यावर दुमत नाही. फक्त ती घड्याळ न लावता करावीत. उत्तर पूर्ण दिसेपर्यंत हात लावू नये. पहिली चाल बरोबर आली म्हणजे कोडं सुटलं असं नव्हे.

पण व्हिएन्ना गॅम्बिट त्यांनी घ्यावा हे मला पटत नाही. माणूस ज्या डावांवर प्रेम करतो ते तो जास्त वेळ बघतो, जास्त खोल बघतो. त्यांना प्याद्यांचे शेवट आवडतात. ही मोठी दौलत आहे. आमच्या काळात एंडगेम शिकायला कुणी तयार नसे.

अडीच घरं

मी जरा वेगळं बोलतो. रेटिंग, रेटिंग किती करायचं? वाशीला राहतो, पटावरच्या स्पर्धा खेळतो. ऐरोलीकर, तुम्ही एकदा शाळेच्या हॉलमधल्या रविवारच्या रॅपिड स्पर्धेत या. ठाण्यात, नवी मुंबईत सुट्टीच्या दिवशी होत असतात. समोर आठ-नऊ वर्षांचं पोर बसतं, पाय जमिनीला टेकत नाहीत, आणि ते तुमच्याकडे बघतसुद्धा नाही. तिथे कळतं आपला खेळ काय आहे.

ऑनलाइनवाल्यांना तिथे काही गोष्टी नवीन असतात, आधी सांगून ठेवतो. सोंगटीला हात लावला की तीच खेळायची. ज्या हाताने चाल केली त्याच हाताने घड्याळ दाबायचं. आणि स्क्रीनवर नियमबाह्य चाल होतच नाही, पटावर होते. केली आणि घड्याळ दाबलं तर समोरच्याला दोन मिनिटं जास्त, दुसऱ्यांदा केली तर डाव गेला. शहात असताना दुसरीच सोंगटी हलवणारे मी पाहिलेत, कारण शह लागला की स्क्रीनवर घर लाल व्हायची सवय.

फिडे (जागतिक बुद्धिबळ महासंघ) रेटिंगचा विचार मात्र लगेच करू नका. १ मार्च २०२४ पासून किमान रेटिंग १००० वरून १४०० झालंय, त्यामुळे यादीत यायलाच आता आधीपेक्षा चांगली कामगिरी लागते.

तलावपाळी

अडीच घरं यांना अनुमोदन. शिवाय ऑनलाइन पट सरळ वरून दिसतो, खरा पट समोर बसल्यावर तिरका दिसतो. लांबच्या उंटाची रेघ चुकते. आठवड्यातून एकदा तरी खरा पट मांडून खेळायची सवय लावा. रात्री ऑनलाइन डाव संपला की तोच पटावर परत मांडा, इंजिन न लावता. आधी आपलं मत वहीत लिहा, मग इंजिन उघडा. आधीच इंजिन बघितलं की आपण फक्त मान डोलावतो.

ऐरोलीकर

बरेच आठवडे गेले, धागा वर काढतेय. काय केलं ते सांगायला हवं.

दहा मिनिटांचे डाव बंद केले, फक्त १५+१०. संध्याकाळी एकच डाव, कधी तोही नाही. डाव संपला की वही. प्रत्येक एक्स्चेंजपुढे एक ओळ लिहिते, मी का मारलं. पहिल्या काही दिवसांत बऱ्याच ओळींपुढे लिहायला काहीच नसायचं, ती जागा कोरी सोडली. आता कोऱ्या जागा कमी झाल्यात.

उघडणी बदलली नाही. कारो-कान तसाच. कोडी मात्र शहकाटशह म्हणाले तसं रोज, आणि काका म्हणाले तसं घड्याळाशिवाय. गाडीत रबाळे-घणसोली दरम्यान एका कोड्यावर अडकले तर तुर्भे येईपर्यंत त्याच्यावरच राहते, दुसरं उघडत नाही.

रेटिंग आधी थोडं घसरलं, मग १७०० च्या पुढे गेलं. पण सांगायचं आहे ते एका डावाबद्दल. परत पॅनोव्ह आला. त्याचं डी४ चं प्यादं एकटं, माझा घोडा डी५ वर. त्याने वजीर बी३ ला आणून धमकी दिली आणि माझा हात सी३ वर मारायला निघाला होता. थांबले. घोडा तिथेच ठेवला, उंट ई७, किल्लेकोट, मग दुसरा घोडा सी६. त्याने वैतागून स्वतःच डी५ वर मारलं, मी ई प्याद्याने परत मारलं. मग काळ्या घरांतले उंट गेले, हत्तींची एक जोडी गेली. शेवटी माझा घोडा आणि त्याचा उंट, आणि त्याची प्यादी उंटाच्याच रंगाच्या घरांत अडकलेली. बासष्टाव्या चालीला त्याने राजीनामा दिला. वजीर पटावर जवळजवळ चाळीस चाली होते. त्या सगळ्या वेळात मला सारखं वाटत होतं की एकदाचे जाऊ देत, पण दिले ते माझ्या सोयीच्या घरावरच दिले.

सहकाऱ्याला डाव दाखवला. तो म्हणाला, हा तुझा वाटत नाही. मला तर तो आजवरच्या सगळ्या डावांत सर्वांत जास्त माझा वाटतो.

शहकाटशह

डाव बघितला. एकेचाळिसाव्या चालीला वजीर दिलात तो क्षण अचूक आहे. एक चाल आधी दिला असतात तर त्याच्या हत्तीला ती रांग मिळाली असती. अभिनंदन, मनापासून.

आणि हो, काकांचे दोन पट मीही पाठ केले. परवा राजा प्याद्याच्या पुढे काढून मगच हत्ती दिले. जिंकलो.

जुना पट

फार समाधान वाटलं. डावात एकच गोष्ट खटकली. घोड्याविरुद्ध उंटाच्या शेवटात तुम्ही राजाच्या बाजूचं जी प्यादं फार लवकर पुढे नेलंत. त्याचा उंट त्याच्यामागे लागला असता तर काम अवघड झालं असतं. त्या चालीपुढे वहीत काय लिहिलंय ते बघा.

आता पुढचा अभ्यास हत्तींचे शेवट. फिलिडोरचा बचाव आधी घ्या: प्यादं कमी असलेल्याने राजा प्याद्याच्या वाटेत ठेवायचा, हत्ती आपल्या बाजूने तिसऱ्या रांगेत आडवा धरायचा म्हणजे समोरच्या राजाला पुढे येता येत नाही. प्यादं त्या रांगेत आलं की हत्ती लगेच पटाच्या पार टोकाला न्यायचा आणि मागून शह देत राहायचं. हे पक्कं झालं की मग लुसेना, म्हणजे प्यादं जास्त असलेल्याने हत्तीचा शेवट जिंकायची रीत. दोन्ही घोटून झाले की कळवा, पुढचे पट मी इथेच मांडून देईन.

अडीच घरं

येत्या महिन्यात ठाण्यात एक रॅपिड आहे, १५+१० च आहे. मी नाव देतोय. ऐरोलीकर?

ऐरोलीकर

माझंही नाव द्या. नियमांचं तुमचं पोस्ट छापून घेते. काका, फिलिडोर आज रात्रीपासून.

नेरुळची

मुलीचंही नाव देतेय, त्या दिवशी भेटूच. पोरं समोर बसली की त्यांच्याकडे बघून हसू नका हं ताई, त्यांना ते आवडत नाही.